तीन तड्यांची दुर्बीण

माझे सासरे लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, हे त्यांच्या निघोजे गावात सगळ्यांना माहीत होतं. लष्करात ते खेचरांच्या तुकडीत होते, हे फार थोड्यांना माहीत होतं, आणि ज्यांना माहीत होतं ते त्यांच्यासमोर कधी बोलत नसत. मला लग्नानंतर दुसऱ्या वर्षी कळलं. तेही सासूबाईंच्या, म्हणजे मामींच्या तोंडून, आणि त्यासुद्धा पीठ चाळता चाळता सहज बोलून गेल्या.

सासऱ्यांना मी मामा म्हणे. त्यांच्याकडे एक जुनी विलायती रायफल होती. इंग्रज साहेब देश सोडून जाताना देऊन गेला, असं ते सांगत. पीक राखण्यासाठी म्हणून तिचा परवाना काढलेला होता. इंद्रायणीच्या काठाला त्यांचं भुईमुगाचं रान होतं आणि शेंगा भरायला लागल्या की नदीकडच्या झाडोऱ्यातून रानडुकरं येत. एका फेरीत पाच-सहा सऱ्या उकरून टाकत. मामा माळ्यावर बसून गोळ्या झाडत. डुकरं गोळीच्या आवाजानं निघून जात आणि थोड्या वेळानं परत येत. तीन हंगामांत एकही डुक्कर मेलं नव्हतं. एक बादली मात्र मेली होती.

मी तेव्हा चिंचवडला एका कारखान्यात लेथवर होतो. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. रविवारी मी सायकल काढायचो आणि बायकोला मागे बसवून तळवड्यावरून सासुरवाडी गाठायचो. अशाच एका रविवारी चहा घेता घेता मामा म्हणाले, "जावईबापू, रायफलीला दुर्बीण बसवायचीय. तुमी मशीनवरलं मानूस. चला माझ्याबरूबर."

"डोळ्यांचा त्रास वाढलाय का मामा?"

"डोळं झकास हायेत माजं," ते एकदम उसळले. "डुकराला मी दिसाया नको, म्हनून लांबनं मारायचं."

मामी चुलीपाशी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "काल मला माज्याच घरात 'कोन पायजे बाई' म्हनाले."

"तू उन्हाच्या बाजूनं आलीस," मामा म्हणाले, आणि विषय संपला.

पुढच्या रविवारी आम्ही पुण्याला लष्कर भागात एका बंदुकीच्या दुकानात गेलो. मामांनी कडक इस्त्रीचा कोट घातला होता, छातीवर दोन पदकं लावली होती. दुकानदार म्हातारे पारशी गृहस्थ होते. त्यांनी पदकं बघितली, उठून उभे राहिले आणि आतून मखमलीच्या डबीतली एक जर्मन दुर्बीण आणली. काळी, वीतभर लांब, हातात घेतली तर घड्याळासारखी नीटस वाटणारी. मी लेथवरचा माणूस. तिच्यावरचे आटे बघूनच मला भरून आलं.

"लांबचा जनावर च्यार पट मोठा दिसते," ते म्हणाले. "रस्त्यावर बघा ने साहेब."

मामांनी दाराशी उभं राहून दुर्बीण डोळ्याला लावली. नेमका त्याच वेळी समोरून एक टांगा आला. मामा "अरारारा!" करत दोन पावलं मागे सरले आणि काडतुसांच्या रिकाम्या खोक्यांवर बसले. टांगा अजून पलीकडच्या चौकात होता.

"घोडं अंगावर आलं," ते उठत म्हणाले.

"ते तसंच दिसतं मामा. म्हणून तर दुर्बीण."

मामांनी दुर्बीण खाली घेतली. मग पारशीबाबांना विचारलं, "म्हंजी डुक्कर बी च्यार पट मोठं दिसनार?"

"बरोब्बर."

"मग मला भ्या न्हाई का वाटनार?"

पारशीबाबा मखमलीची डबी पुसायला लागले. चाळीस वर्षांत हा प्रश्न कोणी केला नसावा. तरी मामांनी पुन्हा एकदा दुर्बीण लावली, आणि या वेळी त्यांना खरी खोट सापडली. "आतली काच तडकलीय," ते म्हणाले. "उभा एक तडा हाय, आडवा एक."

"अरे डिकरा, ए तडा नाय! ए तर क्रॉस हाय. एच्या मधोमध जनावर घ्यायचा ने घोडा दाबायचा."

"तडकल्याली वस्तू आमी घेत न्हाई," मामा म्हणाले. त्यांनी दुर्बीण मखमलीत ठेवली, सलाम ठोकला आणि बाहेर पडले. मी मागे राहून माफी मागितली. पारशीबाबांनी हळूच विचारलं, "साहेब आर्मीमदी काय करत होते?" मी म्हणालो, "वाहतूक."

परतीच्या गाडीत मी मामांना ती रेघांची फुली कशासाठी असते ते समजावून सांगितलं. ते शिवाजीनगरपासून आकुर्डीपर्यंत बोटानं हवेत उभी-आडवी रेघ काढत होते. आकुर्डी आल्यावर म्हणाले, "म्हंजी तडा पायजेच?"

"पाहिजेच."

"मग आदी सांगायचं की, राव."

पण पुन्हा त्या दुकानात जायला ते तयार होईनात. ज्याला आपण तडकलेली म्हणालो तीच वस्तू घ्यायला कसं जायचं? तेव्हा चाकणच्या बाजारात जायचं ठरलं. तिथे एक मिस्त्रीचाचा बसत. ते मोटारींचे मेकॅनिक होते, पण लढाईनंतर लष्करानं मोडीत काढलेला माल लिलावात घेऊन तो विकायचाही त्यांचा धंदा होता. छत्रीसैनिकांच्या छत्रीचं कापड, मुखवटे, होकायंत्रं, कशाचे ते कळणार नाही असे पितळी भाग, सगळं त्यांच्या दुकानात ढिगानं पडलेलं असे. चाकणमधले निम्मे लोक त्या छत्रीच्या कापडाच्या बंड्या घालत.

"दुर्बीन?" चाचा म्हणाले. "या सुभेदारसाहेब, बसा. तीन प्रकार हायत."

पहिली म्हणजे हातात धरायच्या दोन नळ्यांच्या दुर्बिणीची एक नळी होती. दुसरी नळी मोशीच्या एका पैलवानानं नेली होती. मामांनी ती लावून बघितली, आणि त्यांचा पहिला प्रश्न आला, "ह्यात तडा हाय का?"

चाचा दुखावले. "आपल्या दुकानात फुटका माल न्हाई."

"मग नको."

चाचांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली.

दुसरी एक चौकोनी पेटी होती. खालच्या भोकाला डोळा लावला की वरच्या भोकातून पलीकडचं दिसे. रणगाड्यात बसून बाहेर बघायला वापरत, असं चाचा म्हणाले. मामा एका गाडीच्या चाकाआड उकिडवे बसले आणि तिच्यातून सगळा बाजार बघितला. त्यांचा चेहरा खुलला. "जावईबापू, बांधाच्या आड बसून मारता यील. डुकराला मी दिसनारच न्हाई!"

"पण मामा, गोळी सरळ जाते. ती बांधात घुसेल."

ते तसेच उकिडवे बसून राहिले. त्या पेटीवरून त्यांचं मन उठायला आठवडा लागला. मधल्या बुधवारी त्यांनी माणसाकरवी कारखान्याच्या गेटवर मला चिठ्ठी पाठवली : 'नळी वाकडी करता येते काय, मशीनवर पाहावे.'

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा चाकणला गेलो, तेव्हा चाचांनी तिसरी काढली. ती हातभर लांब पितळी दुर्बीण होती, पुढची काच लिंबाएवढी. मामांनी ती डोळ्याला लावली आणि ते हललेच नाहीत. "लई स्वच्छ," ते पुटपुटले. "देवळाचा कळस बी दिसतोय. पर खाली हाय." थोड्या वेळानं म्हणाले, "मानसं उलटी चालत्यात."

मी लावून बघितली. खरोखरच सगळा चाकणचा बाजार डोक्यावर उभा होता. बैल आभाळाला पाय लावून चालले होते. मी चाचांना म्हणालो, "चाचा, ही उलटं दाखवते."

चाचा जराही गडबडले नाहीत. "जावईसाब, लांबचं दाखवते ना ती. इतक्या लांबून येता येता चीज उलटी होऊन जाते. जवळची दुर्बीन सीधी दाखवते, लांबची उलटी."

मामांना हे पटलं. मला पटलं नाही, पण ते खोडून काढता येईल एवढं ज्ञानही माझ्याकडे नव्हतं. मी सातवी पास. आणि मामांना आणखी एक गोष्ट दिसली होती, ती मात्र मला खोडताच आली नाही. "पारशाच्या दुर्बिनीत आडवा तडा एकच हुता," ते विजयी स्वरात म्हणाले. "हिच्यात तीन हायेत!"

झालं, निवड पक्की झाली.

ती बसवायच्या कड्या मी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत कातल्या. सुपरवायझर मागे येऊन उभा राहिला. "हे कुठल्या ड्रॉइंगमधलं?" त्यानं विचारलं. मी खरं ते सांगितलं. सासऱ्यांसाठी म्हटल्यावर तो घड्याळाकडे बघून म्हणाला, "चार वाजेपर्यंत उरक." त्याचंही नुकतंच लग्न झालं होतं.

कड्या चांगल्या झाल्या होत्या, पण मामांना स्क्रूवर भरवसा नव्हता. मी पुढच्या रविवारी गेलो तोवर त्यांनी गावच्या लोहाराकडून सगळं पितळेच्या डाकानं कायमचं जोडून घेतलं होतं. रायफल आणि दुर्बीण आता एकच वस्तू झाली होती. ती दोघांनी उचलावी लागे.

बांधावर मडकं ठेवलं. मामा पालथे पडले, डोळा काचेला अगदी चिकटवला आणि घोडा दाबला. धक्क्यानं पितळी नळीचं टोक त्यांच्या डोळ्यावर बसलं. गोळी कुठे गेली ते कोणालाच कळलं नाही. मडकं होतं तिथेच होतं, आणि मामांचा डोळा वांग्यासारखा झाला.

"दिसलं," ते उताणे पडल्या पडल्या म्हणाले. "मडकं उलटं दिसलं, पर दिसलं."

मामी लांबून सगळं बघत होत्या. त्या शांतपणे बांधापर्यंत गेल्या, मडकं उचललं आणि पालथं घातलं. "आता तुमाला सुलटं दिसंल," त्या म्हणाल्या आणि भाकरी करायला निघून गेल्या. मामांनी बघितलं. खरंच सुलटं दिसत होतं. तेव्हापासून मडकी पालथीच ठेवायची, असा नियम झाला.

मामांच्या चिकाटीला मात्र मी नमस्कार करतो. रायफलीच्या बुडाला त्यांनी उशी बांधली. रोज सकाळी दोन तास सराव केला. उलट्या दुर्बिणीत डावीकडचं उजवीकडे दिसतं आणि नळी वर केली की चित्रही वर जातं, हे त्यांनी अंगात मुरवलं. महिन्याभरात त्यांनी एक मडकं फोडलं. त्या दिवशी गावात पेढे वाटले. पण सवय अंगात जरा जास्तच मुरली. रायफल खाली ठेवल्यावरही ते घराकडे जायला उलट्या दिशेला वळत. दोनदा लिंबाच्या झाडाला धडकले. मामींनी बांबूची काठी त्यांच्या उजव्या हाताला बांधायला सुरुवात केली, म्हणजे ज्या हाताला काठी तो उजवा.

डुक्कर मेलं नाही, हे वेगळं सांगायला नको.

दिवाळी झाल्यावर एक सरकारी मोजणीदार गावात आला. नदीच्या बाजूनं रस्ता न्यायचा होता, त्यासाठी जमिनीचा चढउतार मोजायचा होता. तरुण, सोलापूरकडचा, गॅबर्डिनची पँट घातलेला. त्याच्याबरोबर मोजणीची पट्टी धरणारा एक माणूस होता. सरकारी भाषेत त्याला खलाशी म्हणत, तसा तो खरंच कोकणातला होता. त्यांची बैलगाडी ओढ्यात कलंडली आणि मोजणीचं यंत्र दगडावर आपटून त्याच्या काचेचा भुगा झाला. दोघे मामांच्या ओट्यावर डोकं धरून बसले होते. मी त्या दिवशी तिथेच होतो.

मोजणीदाराची नजर भिंतीवरच्या रायफलीवर गेली. तो उठला, जवळ गेला, पितळी नळीत डोकावला आणि ओरडला, "तीन आडव्या तारा!"

"तडे," मामांनी दुरुस्त केलं.

"अहो, ही मोजणीची दुर्बीण आहे! आमच्या यंत्रात हीच असते! उलटं दिसतं की नाही?"

"लांबचं हाय म्हनून," मामा म्हणाले.

मोजणीदारानं हात जोडले. दोन दिवसांत काम पुरं झालं नाही तर त्याची बदली कुठल्या तरी टोकाला होणार होती. मामांनी मोठ्या मनानं हो म्हटलं. पण दुर्बीण रायफलीतून निघेना. लोहार म्हणाला, "कापावी लागंल, आन कापली की दोनी गेल्या." शेवटी मोजणीदारानं अख्खी रायफलच आपल्या यंत्राच्या तिवईवर दोरीनं बांधली. ती सपाट आहे की नाही हे कळायला मामींची ताटली तिच्या पाठीवर ठेवली आणि ताटलीत पाणी ओतलं. पाणी काठाला चारी बाजूंनी सारखं लागलं की रायफल सपाट.

खलाशी पट्टी घेऊन शंभर पावलं गेला, वळला, आणि त्याला आपल्याकडे रोखलेली नळी दिसली. त्यानं पट्टी टाकली आणि आडवा झाला.

"उभा राहा!" मोजणीदार ओरडला.

"साहेब, माझी पोरं लहान आहेत!"

"रिकामी आहे ती!"

"रिकामीच सुटते साहेब, नेहमी रिकामीच सुटते!"

मामांनी जाऊन त्याला रायफलीची काडतुसांची रिकामी पेटी दाखवली, खटका काढून दाखवला. तो काही उठेना. तेव्हा मामांनी स्वतः पट्टी उचलली आणि छाती काढून सावधानमध्ये उभे राहिले. असं हे दृश्य : शेतात एक सरकारी माणूस तिवईला बांधलेल्या रायफलीमागे वाकलेला आणि समोर सुभेदार खांबासारखे ताठ. नदीवर धुणं धुणाऱ्या बायकांनी एवढंच बघितलं. पाव तासात अर्धं गाव कोयते घेऊन हजर झालं, पुढे पोलीस पाटील.

"जमिनीपायी गोळ्या घालताय काय रं आमच्या सुभेदाराला?" पाटलांनी मोजणीदाराची कॉलर धरली.

"अहो, मी उंची मोजतोय!"

"बंदुकीनं?"

"तुम्हीच बघा आत!"

पाटलांनी डोळा लावला आणि त्यांच्या हातातली काठी गळाली. "सुभेदाराला उलटं टांगलंय!" त्यांनी वर मान करून बघितलं, मामा सरळ उभे. पुन्हा डोळा लावला, मामा उलटे. असं चार वेळा झालं. मग पाटलांनी मागच्या माणसाला पुढे केलं. त्यानं बघितलं. त्याच्यामागे दुसरा. संध्याकाळपर्यंत रांग लागली होती. मोजणी तेवढी राहिली. मामा मात्र पट्टी धरून तसेच उभे होते. त्यांना सोडायला जायचं कोणाला सुचलंच नाही.

दुसऱ्या दिवशी काम नीट झालं. दुपारी मोजणीदारानं पट्टीवरचा एक आकडा पडताळून बघायला मामांना सांगितलं. पट्टी मामांच्या हातातच होती. मामांनी ती नाकापर्यंत आणली, लांब धरली, उन्हाकडे केली. मग म्हणाले, "आकडा पुसलाय."

आकडा पुसलेला नव्हता. वीतभर मोठा, काळाभोर होता. मोजणीदार जवळ आला, मामांच्या डोळ्यांत बघितलं आणि सरळ म्हणाला, "सुभेदार, तुम्हाला मोतीबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांना."

हेच आम्ही तीन वर्षं सांगत होतो. मामी सांगत होत्या, माझी बायको रडून सांगत होती. पण हा सरकारी माणूस होता. मामांनी टाचा जुळवल्या आणि म्हणाले, "व्हय साहेब."

महिन्याभरानं मी त्यांना पुण्याच्या दवाखान्यात नेलं. तेव्हा ऑपरेशननंतर डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून दिवसच्या दिवस उताणं झोपवत. मी कारखान्यातून रजा काढून त्यांच्या उशाशी बसलो होतो. लहानपणानंतर त्यांना कोणी हातानं भरवलं नव्हतं. मी पेज भरवली तर पहिल्या दिवशी त्यांनी तोंड फिरवलं. तिसऱ्या दिवशी डोळ्यांवर पट्टी असताना ते हळूच बोलले, "जावईबापू, मी लष्करात खेचरं सांभाळत हुतो."

"माहीत आहे मामा."

"गोळी कदी झाडली न्हाई. पदकं बी खेचरांच्या कामाचीच हायेत. डोंगरातनं जखमी मानसं आनायचो खाली."

मी म्हणालो, "त्यापेक्षा मोठं काम कुठलं असतं?" त्या दिवशी ते पेज पूर्ण प्यायले.

बाटलीच्या बुडाएवढ्या जाड भिंगांचा चष्मा लावून ते घरी आले. पहिल्या दिवशी त्यांनी मामींकडे बराच वेळ बघितलं. मामींनी पदर सावरला. "क्काय?" त्या म्हणाल्या. "केस पिकलं तुजं," मामा म्हणाले. "कवा?"

पुढे उन्हाळी भुईमुगाच्या शेंगा भरायला लागल्या, तेव्हा एकदा दिवस मावळायच्या सुमाराला ते रायफल न घेताच रानात गेले. मी बांधावर होतो. झाडोऱ्यातून एक डुक्कर बाहेर आलं आणि मामांपासून वीसेक पावलांवर शेंगा उकरायला लागलं. मामा स्तब्ध उभे राहिले. मग पाय न वाजवता मागे मागे येत माझ्यापर्यंत पोचले. त्यांनी माझी बाही घट्ट धरली.

"डुक्कर एवढं असतंय?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"एवढंच असतं मामा."

"मला वाटायचं, कुत्र्याएवढं असंल." ते खाली बसले. "ह्याच्यावर मी तीन वरीस गोळ्या झाडल्या? माळ्यावर एकटा बसून?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी कुंपण घालायचं ठरवलं. मी आणि मामा तीन दिवस बाभळीच्या काटेरी फांद्या तोडून रचत होतो. ते पुढे, चष्म्यातून एकेक काटा निरखत. मी मागे, रक्तबंबाळ. सोमवारी कारखान्यात माझी बोटं इतकी सुजली होती की सुपरवायझरनं मला लेथवरून काढून तपासणीच्या टेबलावर बसवलं. डुकरांनी कुंपण एका कोपऱ्यात मोडलंच, तरी निम्मा भुईमूग घरी आला. मामांनी त्यातलं एक पोतं बाजूला काढून सोलापूरला मोजणीदाराकडे पाठवलं, आणि एक पिशवी पट्टी धरणाऱ्या त्या खलाशाला.